तिसऱ्या कार्डावरचे ऊन

मी एक जुना काचेचा गोळा आहे, दोन्ही तळहातांत मावेन एवढा. मित्रांनो, आयुष्यभर मी एकच काम केले. ऊन पडले की माझ्यामागे ठेवलेले कार्ड जाळायचे.

ज्या कारागिराने मला घासून गुळगुळीत केले, तो मला रोज खिडकीजवळ धरून बुडबुडा शोधत असे. शेवटच्या दिवशी म्हणाला, "यात माझं नाक उलटं दिसतं, तरी उलटंच बरं दिसतं." मग त्याने मला लोकरीत गुंडाळले आणि मी एका गावाच्या हवामान केंद्रात पोहोचलो. केंद्राच्या गच्चीवर पितळी वाटीसारखी एक बैठक होती. तिच्यात मी बसलो.

माझे काम सोपे आहे. सूर्याचे किरण माझ्यातून जातात आणि मागच्या कार्डावर एका बिंदूत गोळा होतात. तिथे कार्ड जळते. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ सरकते. ढग आला किंवा धुके पडले की रेघ तुटते. कार्डावर तास छापलेले असतात, त्यामुळे कोणत्या वेळी ऊन होते हे कुणालाही वाचता येते. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, उन्हाळ्यात वरून. म्हणून कार्डे तीन प्रकारची असतात: हिवाळ्याची आखूड वाकडी, उन्हाळ्याची लांब वाकडी आणि मधल्या दिवसांची सरळ. कोणत्या तारखेला कोणते कार्ड सुरू करायचे याचा तक्ता भिंतीवर टांगलेला होता.

रोज सूर्य मावळल्यावर कार्ड बदलायला एक बाई येत. गाव त्यांना हवाताई म्हणे. त्या कार्डामागे पेन्सिलीने तारीख घालत आणि खाली जाऊन वहीत नोंद करत. त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या फळबागेत काम करायचा. बागेची भिंत गच्चीपासून दोनशे पावलांवर होती. तिथूनच तो ओरडायचा.

"ताई, ऊन पडलंय हे गावातल्या कोंबड्यांनाही कळतं. तुलाच तेवढं कागद जाळून बघावं लागतं!"

"कोंबड्यांना वेळ लिहिता येत नाही," ताई वरून म्हणायच्या. "तुलाही कुठे येते म्हणा."

मग आमच्या देशात दुसऱ्या देशाचे सैनिक आले. ते का आले हे मला समजले नाही. त्यांच्या गाड्या रस्त्यावरून जात आणि माझ्यावर धूळ बसे. ताई ती मऊ कापडाने पुसत.

त्या वर्षी मधल्या दिवसांची तीन सरळ कार्डे उरली होती. तक्त्याप्रमाणे हिवाळ्याची कार्डे सुरू करायची तारीख आली, पण ताईंना नवे पाकीट फोडवेना. चांगली कार्डे वाया का घालवायची, असे म्हणून त्यांनी उरलेलीच लावली. वस्तू जपून वापरणाऱ्या माणसाची ती चूक होती. सूर्य खाली उतरत होता, त्यामुळे माझी जळकी रेघ रोज जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर चढत होती. तिसऱ्या कार्डावर ती वरच्या कडेला लागायला आली.

त्याच तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गोळ्या झाडल्या गेल्या. धाकटा आणि त्याचे दोन सोबती शिडीवर चढून फळे काढत होते. तिघेही गेले.

संध्याकाळी घर माणसांनी भरले होते. तरी सूर्य मावळला तेव्हा ताई वर आल्या. त्यांनी कार्ड काढले आणि रेघ कुठे गेली आहे ते पाहिले. तारीख घातली आणि वहीत लिहिले: "ठरलेल्या तारखेला कार्डाचा प्रकार बदलला नाही. तीन सरळ कार्डे उरली होती. चूक माझी." दुसरे काहीच लिहिले नाही.

आठवड्याभरात सैन्याची चौकशी आटोपली. तुकडीच्या प्रमुखाने सांगितले की दाट धुके होते, दहा पावलांवरचे दिसत नव्हते, आणि समोरून हत्यारबंद माणसे चालून आली. सैन्याच्या कागदावर त्या तिघांपुढे "सशस्त्र हल्लेखोर" असे लिहिले गेले. धाकट्याची आई तो शब्द ऐकून म्हणाली, "त्याला कोंबडी कापायची म्हटली तरी शेजारच्या काकांना हाक मारावी लागायची." तो शब्द पुसला जावा, एवढीच तिची इच्छा उरली.

लवकरच केंद्रात विजेवर चालणारे नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. माझ्या एका बाजूला फाटकी छत्री, दुसऱ्या बाजूला गळका रॉकेलचा डबा. सहा वर्षे मी अंधार पाहिला. काचेच्या गोळ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

मग एके दिवशी कपाट उघडले. ताईंसोबत एक उंच माणूस होता. तो त्याच सैनिकांच्या देशातून आलेला तपासनीस होता. आमची भाषा तो हळूहळू, शब्द मोजून बोलायचा. त्या तुकडीतल्या एका सैनिकाला सहा वर्षांनी गप्प राहवले नव्हते. धुके नव्हतेच, असे त्याने सांगितले होते. पण बाकीचे सात जण धुके होते म्हणत होते.

"एकाविरुद्ध सात," तपासनीस म्हणाला. "मला आणखी साक्षीदार नको. मला त्या दिवसाचं ऊन हवंय."

ताईंनी खोके उघडले. एकतीस वर्षांची कार्डे तारीखवार बांधलेली होती. त्या दिवसाच्या कार्डावर रेघ पावणेआठला सुरू होऊन दुपारपर्यंत कुठेही तुटली नव्हती. गोळीबाराची खबर तुकडीने स्वतःच बिनतारी संदेशाने दिली होती. तिची वेळ होती नऊ वाजून वीस मिनिटे.

तपासनिसाचा चेहरा उजळला. मग त्याने वही वाचली आणि तो उतरला. "बाई, ही चुकीची नोंद त्यांच्या वकिलाला सापडली, तर तो या कार्डाच्या चिंध्या करील."

चहा घेऊन आलेली आई चटकन म्हणाली, "मग ती ओळ दाखवूच नका की!"

"नाही आई," ताई म्हणाल्या. "तीच आधी दाखवायची."

पुढचे अकरा दिवस त्या दोघांनी भिंगाखाली मोजपट्टी धरून एकतीस वर्षांची सगळी सरळ कार्डे मोजली. मी टेबलावर बसून ते पाहत होतो. अकराव्या दिवशी ताईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा हसल्या.

खटल्यासाठी ताई सैनिकांच्या देशात गेल्या, आणि लोकरीत गुंडाळून मीही. न्यायालयाच्या खोलीत मला न्यायाधीश बाईंपुढे ठेवले. शेजारी एक दुभाषी उभा होता. सैनिकांचा वकील हसऱ्या चेहऱ्याने उठला.

"बाई, कार्ड लावताना तुमची चूक झाली होती?"

"हो. झाली होती."

"म्हणजे हे चुकीचं कार्ड आहे. तारीखही तुमच्याच हातची. दुसऱ्या एखाद्या लख्ख दिवसाचं कार्ड उचलून तुम्ही मागे ही तारीख घातली नाही कशावरून?"

"तसं कार्ड दुसरं नाहीच म्हणून," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "ठरलेल्या तारखेला कार्ड बदललं, तर सरळ कार्डावर रेघ इतकी वर कधीच जात नाही. एकतीस वर्षांत एकाच वर्षी तीन दिवस ती तिथे गेली, कारण त्या वर्षी मी चुकले. या तिन्ही कार्डांवर रेघ रोज अर्धा मिलिमीटर चढलेली आहे. सर्वांत वरची ती तिसऱ्या दिवसाची. आकाशात सूर्य त्या उंचीवर असल्याशिवाय रेघ तिथे जळत नाही. मोजपट्टी आणली आहे. तुम्ही स्वतः मोजा."

वकिलाने मोजले. पुन्हा मोजले. त्याचे हसू हळूहळू ओसरले. मग न्यायाधीश बाईंनी मोजले.

"हे यंत्र चालतं तरी कसं, ते मला पाहायचंय," त्या म्हणाल्या.

आवारात मला माझ्या पितळी बैठकीत बसवले. ढगांतून ऊन बाहेर आले. मित्रांनो, सहा वर्षांनंतर माझ्यातून पुन्हा सूर्य गेला! कार्डावर ठिपका उमटला, धुराची बारीक दोरी वर निघाली आणि रेघ चालू लागली. मग ढग आला आणि रेघ थांबली. सगळे वाकून रेघेकडे पाहत होते. तुकडीचा प्रमुख मात्र माझ्याकडे पाहत नव्हता. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

चार दिवसांनी सातांपैकी दोघांनी आपली साक्ष मागे घेतली. महिन्याने निकाल लागला. प्रमुखाला आणि गोळ्या झाडणाऱ्या दोघांना शिक्षा झाली. सैन्याच्या कागदावरचा जुना शब्द रद्द झाला. ताईंनी न्यायालयाच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला.

"आई, नवीन नोंद वाचते. 'तिघे निःशस्त्र होते. फळे काढत होते.'"

पलीकडून आईचा खणखणीत आवाज आला. "मोठ्याने वाच गं! सगळी आळी अंगणात जमलीय."

ताईंनी मोठ्याने वाचले. पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या शेजारी उभा असलेला तपासनीसही आपल्या अडखळत्या उच्चारांत तेच शब्द म्हणू लागला, आणि फोनमधून एवढा गलका उठला की ताईंना तो कानापासून दूर धरावा लागला.

आता मी पुन्हा गच्चीवर असतो, नव्या यंत्राच्या शेजारी. मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, कचेरीत माझ्यासारखी मोजमापाची जुनी साधने असतील. त्यांना कपाटात कोंडू नका. अधूनमधून धूळ पुसा. रोजची नोंद कंटाळा न करता ठेवा. आणि वहीत चूक झाली तर ती खोडू नका. तिच्या शेजारी खरे काय ते लिहा आणि खाली आपले नाव घाला.