तुळशीला दोनदा पाणी

अकराव्या मजल्यावरच्या शैलेंद्ररावांनी इटलीला निघायच्या आदल्या दिवशी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि बजावलं, "सर, बाल्कनीतल्या तुळशीला रोज संध्याकाळी एक तांब्या. दोन नाही. जास्त पाणी झालं की मुळं कुजतात."

शारजातल्या आमच्या अल मजाजच्या इमारतीत ही पद्धतच आहे. कुणी सुट्टीवर निघालं की घरातलं जे काही जिवंत मागे राहतं, ते शेजाऱ्यांच्या हवाली. मी निवृत्त शिक्षक, मुलाकडे राहतो, शनिवारी पोरांना मराठी शिकवतो. त्यामुळे किल्ल्या बहुधा माझ्याकडेच येतात.

चार महिने शैलेंद्रराव लिफ्टमध्ये भेटेल त्याला पोलिन्यानोबद्दल सांगत होते. दक्षिण इटलीत समुद्रावरच्या कड्यावर वसलेलं जुनं गाव. कुणी सहज म्हटलं, "म्हणजे रोमच्या जवळच ना?" की यांचं बोट वर व्हायचं. "साफ चूक!" मग दहावा मजला येईपर्यंत नकाशा समजावून सांगायचे. माणूस भला, पण दुसऱ्याची चूक ऐकली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

रविवारी ते गेले. सोमवारी पाच वाजता मी कुलूप उघडलं, तांब्या भरला, बाल्कनीत गेलो. तुळशीखालची माती ओली होती. मंगळवारीही ओली. शिवाय ओट्यावर फोडणीचा वास. इटलीहून फोडणी इतक्या लांब येत नाही, एवढं विज्ञान मलाही कळतं.

बुधवारी कुंडीखाली घडी केलेला कागद सापडला. अक्षर ईश्वरीचं. शैलेंद्ररावांची मुलगी, नऊ वर्षांची.

'सर आजोबा, आम्ही बेडरूममध्ये आहोत. व्हिसा आला नाही. बाबा म्हणतात रविवारपर्यंत आपण इटलीत आहोत. शनिवारी पाचला लायबाचा बर्थडे आहे. मी तिचं गिफ्ट पण पॅक केलं. कोणाला सांगू नका पण मला न्या. तुळशीला मी सकाळी पाणी घालते.'

लायबा सातव्या मजल्यावरची, मूळ रत्नागिरीची, ईश्वरीची जिवलग मैत्रीण. सहा महिने डोकं फोडलं तेव्हा ईश्वरी मराठीत चार ओळी लिहायची. आज आपणहून अख्खं पत्र! अशा विद्यार्थिनीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला मुकवायचं म्हणजे पापच.

पण सरळ बेडरूमचं दार ठोठावून चाललं नसतं. शैलेंद्रराव मानी. त्यांनी मला जन्मात तोंड दाखवलं नसतं, आणि सगळा राग पोरीवर निघाला असता. त्यांनी आपल्या पायांनी बाहेर यायला हवं होतं.

मग मी रोज जायचो. किल्ली कुलपात जरा जास्तच खडखडवायचो, म्हणजे आतल्यांना पळायला वेळ मिळे. पाणी ओतल्याचा आवाज झाला नाही तर त्यांना संशय येईल, म्हणून तांब्याही ओतत राहिलो. गुरुवारी तर सोफ्यावर बसून अर्धा तास पेपर मोठ्याने वाचला. आत कुणीतरी शिंक दाबली.

शनिवारी चार वाजता मी लायबाला आणि तिच्या वर्गातल्या अर्सलानला घेऊन गेलो.

"आज तास इथेच, तुळशीजवळ," मी खणखणीत आवाजात म्हणालो.

लायबाचा चेहरा पडलेला होता. "सर आजोबा, टुडे इज माय बर्थडे. अँड ईश्वरी इज नॉट हिअर."

"म्हणूनच आपण ती गेली आहे त्या गावाची माहिती घेऊ. लिहा. पोलिन्यानो हे गाव वाळवंटात आहे."

"लाइक लिवा डेझर्ट?" अर्सलानने विचारलं.

"अगदी तसंच. उंट वगैरे."

बेडरूममध्ये पलंग करकरला.

"घरं सगळी लाकडाची. समुद्र नाहीच. एक तळं आहे, आपल्या खालिद लगूनच्या अर्धं."

आत काहीतरी धप्पकन पडलं. लायबाने मान वळवली. "सर आजोबा, आत कोणीतरी आहे."

"फ्रिज असेल. लिही पुढे. कडा-बिडा काही नाही, जमीन चपातीसारखी सपाट. शैलेंद्रकाकांनी बहुतेक नीट वाचलंच नव्हतं, म्हणून तिकडे गेले बिचारे."

दार धाडकन उघडलं.

"साफ चूक!" शैलेंद्रराव गरजले. अंगात चुरगळलेला बनियन, डोक्यावर इटलीसाठी घेतलेली कोरी गवती टोपी, बोट वर. "अहो सर, चुनखडीचा कडा आहे तो! थेट एड्रियाटिक समुद्रात उतरलेला! खाली लाटांनी कोरलेल्या गुहा, वर अगदी काठावर पांढरी घरं, दगडी! गावात शिरायला एकेकाळी एकच कमान होती! वाळूसुद्धा नाही हो, दोन कड्यांच्या मधे गोट्यांचा किनारा आहे! आणि तुम्ही पोरांना उंट..."

मग त्यांना आपण कुठे उभे आहोत ते समजलं. बोट हळूहळू खाली आलं.

"अंकल," लायबा म्हणाली, "यू आर नॉट इन इटली."

"नाही."

"व्हाय?"

शैलेंद्ररावांनी टोपी काढली. "फॉर्म परत आला. त्यावर मी... सही करायला विसरलो होतो."

मग अर्सलान म्हणाला, "इट्स ओके अंकल. मी सायन्सच्या पेपरवर नावच विसरलो होतो. टीचर फाउंड मी बाय हँडरायटिंग."

त्यांच्या मागून त्यांच्या बायकोचं, अनुपमाताईंचं, हसू फुटलं, सहा दिवस दाबलेलं. "मी म्हणत होते ना, सरळ सांगून टाकू! पण नाही. लोक काय म्हणतील!"

तेवढ्यात त्यांच्या बगलेखालून ईश्वरी सुटली. गुलाबी फ्रॉक, केसांना क्लिप, छातीशी भेटवस्तू. पोरगी दुपारपासून तयार होऊन बसली असावी. तिने लायबाचा हात धरला. "यल्ला, यल्ला! चल ना!"

"अगं, सँडल तरी घाल!" अनुपमाताई ओरडल्या. पण दोघी लिफ्टपर्यंत पोचल्या होत्या.

वाढदिवसाला शैलेंद्ररावही आले. आधी कोपऱ्यात उभे होते. मग लायबाच्या आईने निळा टेबलक्लॉथ अंथरला, त्यावर केक कापला, आणि केकची उरलेली उभी बाजू पाहून त्यांना राहवेना. चमच्याने त्यांनी केकच्या पायथ्याशी गुहा कोरल्या, काठावर साखरेचे चौकोन ठेवले, आणि वीस पोरांना पोलिन्यानो दाखवलं. पोरांनी गुहांसकट गाव खाऊन टाकलं. इतका चांगला तास मीही कधी घेतला नव्हता.

रविवारी किल्ली परत द्यायला गेलो तेव्हा ते बाल्कनीत तुळशीसमोर उकिडवे बसले होते. पानं पिवळी, माती चिखल.

"सर," बोट वर झालं, "मी एकच तांब्या सांगितला होता."

"सकाळी ईश्वरीने घातलं, संध्याकाळी मी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बुधवारपासून."

बोट हवेतच राहिलं. "साफ चूक!" हे त्यांचे दोन शब्द मीच म्हणून टाकले, आणि चहाची वाट पाहत सोफ्यावर बसलो.