भरलेली पिशवी

सासूबाईंनी दार ओढून घेतलं, तशी सून उठली आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिली. कडेवरच्या तान्ह्या लेकीने, चिमणीने, तिच्या केसांची बट मुठीत धरली होती, ती सोडवायलाही तिने हात हलवला नाही. समोर लिफ्टच्या डोक्यावरचा लाल आकडा जिथल्या तिथे होता. लिफ्ट आलीच नाही. सासूबाई मात्र दिसेनाशा झाल्या.

"जरा खाली जाऊन येते गं," असं सांगून त्या रोज दुपारी निघायच्या. खाली म्हणजे बाजारात, हे न सांगताच कळायचं. या इमारतीत खाली काय नव्हतं? तळाला दुकानं नि सिनेमा, त्यावर ऑफिसं, त्यावर हॉटेल आणि हॉटेलच्या डोक्यावर ही घरं. समुद्राकडे तोंड करून एक अख्खं गावच उभं केलेलं. सुनेचं ऑफिससुद्धा याच इमारतीत. पण घरांची लिफ्ट वेगळी, ऑफिसांची वेगळी. पार तळाला उतरायचं, लिफ्ट बदलायची आणि पुन्हा वर चढायचं. नवरा म्हणायचा, "तू माळ्यावरून ओट्यावर यायला गावाला वळसा घालतेस."

तिला खटकत होती ती पिशवी. बाजाराला जाताना माणसाची पिशवी रिकामी असते. सासूबाईंची जातानाच भरलेली असायची आणि येतानाही तेवढीच भरलेली. येताना त्या लिफ्टने यायच्या, पण तेव्हाही आकडा तळापासून चढायचा नाही. मधूनच कुठून तरी सुरू व्हायचा.

"काय आणलंत आई?" एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"वारा," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आपल्या खोलीत गेल्या. रात्री मात्र गुडघ्यांना तेल चोळत बसल्या.

तोवर ही नुसती गंमत होती. मग समोरच्या घरातल्या शिक्षिकेने दारात गाठून हळूच सांगितलं, "रागावू नका हं. तुमच्या सासूबाई जिन्यात दिसल्या मला. एकट्याच होत्या नि बोलत होत्या."

"फोनवर असतील."

"फोन नव्हता हो हातात."

हे नवऱ्याच्या कानावर घातलं, तसा तो जेवता जेवता थांबला.

"बाळाचं वजन किती, हे तिने मला या महिन्यात कितीदा विचारलंय माहितीय? परवा विचारलं, काल पुन्हा तेच. मी म्हटलं, आई, परवाच सांगितलं ना. तर नुसती हसली." त्याने ताटातला घास इकडचा तिकडे केला. "मला वाटतं, खालच्या पाळणाघरात नाव घालून टाकू. सोमवारी तू कामावर जाणार. दिवसभर दोघीच घरात..."

पाळणाघर वाईट नव्हतं. रंगीत भिंती, गोड बोलणाऱ्या बाया. पण चिमणी आजीच्या हातून चार घास जास्त खायची आणि आजीच्या मांडीवर पडल्या पडल्या झोपायची. बाळंतपणाची सुट्टी संपत आल्यापासून त्या मांडीच्या भरवशावरच तर सून रात्री डोळा मिटत होती. आता तो भरवसाच हलायला लागला होता.

म्हणून आज ती भिंगाला डोळा लावून उभी होती.

तिने चपला पायात सरकवल्या, चिमणीला घट्ट धरलं आणि जिन्याचं जड दार ढकललं. या घरात राहायला आल्यापासून या जिन्याने ती एकदाच उतरली होती, आग लागली तर काय करायचं याची रंगीत तालीम झाली तेव्हा. तेव्हा चिमणी नवऱ्याकडे होती. आता दोन मजले उतरली नाही तोच तिचा हात भरून आला. चार मजले उतरल्यावर पोटऱ्या कापायला लागल्या. तिने भिंतीला टेकून चिमणीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, तेवढ्यात खालून आवाज आला.

"झालं हं, आलंच. रडायचं नाही. आजी आहे ना."

शिक्षिका खोटं बोलली नव्हती. आवाजाच्या मागोमाग सून उतरत राहिली.

जिना जिथे मोकळ्या मजल्यावर उघडत होता, तिथे आवाज थांबला. या मजल्याला ना भिंती ना खोल्या. आग लागली की सगळ्यांनी जमायचं ते इथे. तालमीच्या दिवशी हॉटेलातले पाहुणे सपाता घालून इथे आले होते नि घरातली माणसं हातात जे असेल ते घेऊन. एकाच्या हातात तर इस्त्री होती. आज कुणी नव्हतं. नुसता समुद्रावरचा वारा आरपार वाहत होता.

खांबाच्या कडेला सासूबाई बसल्या होत्या. पदराने मान पुसत होत्या. मांडीवर चिमणीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं आणि रिकामी पिशवी शेजारी घडी घालून ठेवली होती.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. तू भिंगाला डोळा लावलास की आतला उजेड जातो गं, बाहेरून कळतं."

"आई, हे काय आहे?"

"तांदूळ."

सासूबाईंनी गाठोडं थोपटलं, जसं झोपलेल्या पोराला थोपटतात तसं.

"त्या तालमीच्या दिवशी मी रखवालदाराला विचारलं, लिफ्ट बंद असली तर बाळाला कसं न्यायचं? तो म्हणाला, उचलून. सगळे हसले. तुझा नवराही हसला." त्यांनी श्वास घेतला. "हसण्यासारखंच होतं म्हणा. पण तुम्ही दोघं कामावर. घरात मी नि ती. मग उचलून म्हणजे कुणी?"

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आई, काही होत नाही. होत नाही ते मलाही माहितीय. पण तू तिला माझ्यापाशी सोडणार, मग मला जमतंय की नाही ते आधी मला तरी कळायला नको? नसतं जमलं तर मीच म्हटलं असतं, घाल बाई पाळणाघरात."

"म्हणून वजन विचारत होतात?"

"ती काय आहे तेवढीच राहणार आहे का?"

सुनेला हसू आलं. ती सासूबाईंच्या शेजारी जमिनीवरच बसली. चिमणीने आपलं दुपटं ओळखलं आणि दोन्ही हातांनी ते ओढू लागली.

"आणि जिन्यात बोलता ते?"

"मग काय मुक्यानेच न्यायचं तिला? घाबरेल ना."

मग सुनेने हळूच विचारलं, "जमतंय?"

सासूबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"पहिल्यांदा प्रत्येक मजल्याला बसावं लागायचं. आता मध्ये एकदाच टेकते," त्या म्हणाल्या. "पण टेकते. खोटं कशाला बोलू?"

दोघी लिफ्टने वर गेल्या. एकीच्या कडेवर चिमणी, दुसरीच्या कडेवर तांदूळ.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा सून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभी होती. एकदा चिमणीला घेऊन, एकदा चिमणीला त्याच्या हातात देऊन.

"पाळणाघरातल्या बाईंचा फोन आला होता," तो म्हणाला. "हो म्हणून सांगतो."

"नको."

"अगं, पण आई..."

"आईंना विचारलं मी."

"मग? काय म्हणाली?"

"मध्ये एकदा टेकावं लागतं म्हणाल्या."

ती स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्यातून तिने दोन मुठी काढल्या, थोडा विचार करून आणखी अर्धी घेतली आणि सासूबाईंच्या खोलीत जाऊन दुपट्याची गाठ सोडली. तांदूळ आत ओतून पुन्हा गाठ मारली, नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं. मग अंदाज घ्यायला म्हणून गाठोडं उचलून कडेवर घेतलं, आणि तशीच उभी राहून ते थोपटू लागली.