भोपळ्याची लग्नं

ऊन कुंपणावर यायच्या आत कृष्णाबाई वाडीत उतरायची. भोपळ्याचं नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाला हळूच टेकवायचा. निर्मळ गावच्या त्या घरात याला ‘लग्नं लावणं’ म्हणत. लग्न राहिलं की कळी पिवळी पडून गळायची. हात चालवता चालवता ती गायची:

पिवळा गं शालू ल्याली वेलावरची नवरी,
नवरदेवा चल लौकर, ऊन आलं कुंपणावरी.

त्या एप्रिलात सगळं बंद झालं. सातिवलीचा कारखाना थांबला, तसा लेकाचा, धनेशचा, पगारही थांबला. घर चालायचं ते पन्नास वेलांवर. पलीकडच्या इमारतींतली माणसं फाटकाशी येऊन भाजी न्यायची, तेवढाच बाजार.

आणि नेमका तेव्हाच कृष्णाबाईला ताप आला. तपासणीत करोना निघाला. चौदा दिवस मागच्या खोलीत, दार लावून.

तिसऱ्या दिवशी धनेशचा वाडीतून फोन आला. “आई, नर खुडले सगळे. पण त्यांच्या बुडाशी एवढासा भोपळा कसा गं?”

कृष्णाबाई खाटेवर ताडकन उठून बसली. “मेल्या, बुडाशी भोपळा ती नवरी! नवऱ्याच खुडल्यास की रे!”

फोनवर त्याच्या मागून सून मनाली हसली. “आई, ह्यांना कारखान्यात पॅकिंगची सवय. दिसेल ते उचलायचं.”

“तू हसू नको. तुला तरी कुठं येतंय? आता कोनी हात लावू नका. पानी तेवढं द्या.”

उरलेले दिवस ती खाटेवर पडून गळणाऱ्या कळ्या मनात मोजत राहिली. पावसाळ्याचे तांदूळ भरायचे होते ते याच भोपळ्यांवर.

पंधराव्या दिवशी भिंत धरत धरत ती वाडीत आली. आधी कानांवर गुणगुण आली. फुलाफुलांत मधमाश्या, अंगभर पराग माखलेल्या. तिनं पान उचललं. खाली मुठीएवढा भोपळा. पुढच्या पानाखाली नारळाएवढा.

दर गुरुवारी ती वेलांवर किडीचं औषध फवारायची. यंदा दुकानात औषध आलंच नव्हतं, पंप खुंटीलाच होता. औषध नव्हतं त्या काळी आपल्या सासूला कधी लग्नं लावताना पाहिलं नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं. ती आहे तिथेच बांधावर बसली.

पाच भोपळे मात्र फळमाशीनं डसून सडवले होते.

मेच्या अखेरीस कारखान्यातून धनेशला बोलावणं आलं. त्याच दिवशी दुकानदाराचा फोन. “काकी, औषध आलंय. पाठवू?”

“पाठव म्हण,” धनेश म्हणाला. “बाजार उघडला की व्यापारी डागी माल घेणार नाही.”

कृष्णाबाईनं फोन छातीशी धरला. चार वाफे चालली तरी तिला अजून दम लागायचा.

“औषध मारलं तर मधमाश्या जातील. मग पन्नास वेलांची लग्नं कोन लावील? तू सातिवलीला. मनालीला नर-मादी कळत नाही.”

“कळतं आता,” मनाली म्हणाली. “पण सकाळी डबा कोण करील?”

कृष्णाबाईनं फोन कानाला लावला. “नको रे, बाळा. सडतील ते सडू देत.”

मग तिनं विळा घेतला आणि डाग नसलेला पहिला भोपळा देठासकट कापला. फाटकाशी माणसं हातहातभर अंतरावर उभी होती.