फेरीबोटीचा रंग

"पण तुम्ही दोघं त्या फेरीबोटीत कधी बसला तरी होतात का?"

मिठाची बरणी आईच्या हातून सरकून टेबलाच्या बरोबर मध्यावर थांबली होती — बुटकी, प्लॅस्टिकची, एका अंगाला कागदी लेबल आणि दुसऱ्या अंगाला गरम तव्याला टेकून वितळलेला खळगा — आणि त्या बरणीवर नजर ठेवूनच तिने, लेकीने, हा प्रश्न विचारून टाकला. पैजच होती. ढब्बू आणि वकिलीणबाई, तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, दुपारी शाळेच्या जिन्यात म्हणाल्या होत्या, हिंमत असेल तर विचारून दाखव. आणि न विचारायला ती काय आता पूर्वीची राहिली होती? पूर्वीची ती उत्तर येत असूनही हात मांडीखाली दाबून बसायची. या वर्षी हात आपोआप वर जातो. तोंडही.

बाबा चावत राहिले, फारच सावकाश.

सगळं त्या डबीपासून सुरू झालेलं. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी शहरात कुठेतरी एक डबी लपवायची, तिचा ठावठिकाणा आकड्यांत मोबाइलवर टाकायचा आणि बाकीच्यांनी शोधत फिरायचं — इतकं सरळ. पण ही डबी 'नांगर' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा खडूसाने लपवली होती आणि आकड्यांतल्या शेवटच्या दोन जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. पूल होण्याआधी नदीवर जी फेरीबोट चालायची तिचा रंग ओळखा, तक्त्यातून रंगाचा आकडा घ्या, जागा भरा. सोबत एक फोटो, तोही काळा-पांढरा! रंग विचारायचा आणि काळा-पांढरा फोटो द्यायचा... पण तिला वाटलं, आपल्या घरात तर दोन-दोन साक्षीदार आहेत. बाबा नदीच्या या काठावर वाढलेले, आई त्या काठावर. विचारलं की झालं.

झालं कसलं डोंबल! "हिरवी," बाबा म्हणाले होते. "लाल," आई म्हणाली होती. हिरव्याचा आकडा दोन्ही जागी भरून तिघी गेल्या, तर एका लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीशी पोचल्या. लालचा भरला, तर मोबाइलवरचा ठिपका थेट नदीच्या पाण्यात. इकडे घरात रंगावरून जे पेटलं ते विझेचना. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणारे बाबा म्हणायचे, तुझ्या आईला सांग, माझी नजर शाबूत आहे. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणारी आई म्हणायची, तुझ्या बाबांना सांग, दुकानात या, फुकट तपासून देईन. आणि रंगावरून सुरू झालेलं भांडण दर वेळी न चुकता तिच्या कॉलेजवर येऊन थडकायचं — बाबांना या काठावरचं हवं, विज्ञानाचं; आईला पलीकडचं, डिझाइनचं; सोमवारी कळवायचं आणि आज शुक्रवार — आणि ज्या मुलीच्या नावाने हा सगळा गोंधळ, ती मधे बसून दोन्हीकडचे निरोप पोचवत असते... पोस्टमन आहे का मी?

"बसायचा प्रश्न येतो कुठे?" बाबा शेवटी म्हणाले. "माझे वडील रोज संध्याकाळी त्या बोटीने कारखान्यातून परत यायचे. मी धक्क्यावर उभा असायचो, रोज. बोट समोरून येताना दिसायची. मला कोण शिकवणार हिरवी की लाल?"

"म्हणजे बसला नाहीत," लेक म्हणाली.

"पुढच्या सुट्टीत नेतो म्हणाले होते." बाबांनी ताटलीतला घास उगाच इकडून तिकडे केला. "पुढच्या सुट्टीपर्यंत पूल झाला."

आईला हसू आवरेना.

"हसू नकोस. तू?" बाबांनी विचारलं.

"मला बोट लागायची."

"न बसताच?"

"लागेल, असं आजी म्हणायची," आई म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. "पण मामाचं दुकान तिकडच्या धक्क्यावरच होतं. दिवसभर बघायचे मी बोट येताना."

धन्य! दोघांपैकी एकानेही त्या बोटीत पाऊल ठेवलेलं नाही, आणि दोन आठवडे माझं डोकं... तेवढ्यात बाबांनी हात पुढे करून बरणी ओढली, मीठ घेतलं, न बघता परत आईकडे ढकलली. आईने घेतलं, परत मध्यावर सरकवली. बाबांकडे लेबल. आईकडे खळगा. येताना, जाताना, तेच. टेबलाच्या दोन टोकांना ते दोघं आणि लांब बाजूला मी — दोन्ही अंगं मला दिसतात, एकटीला... आणि तो फोटो डोळ्यांसमोर आला — दोन्ही टोकं सारखी असलेली बोट, मागचं-पुढचं काही नाहीच, वळायची गरजच नाही, नुसती इकडून तिकडे, तिकडून इकडे...

"ती वळतच नव्हती!" ती ओरडली. "बाबा, तुमच्याकडचं टोक हिरवं होतं. आई, तुझ्याकडचं लाल. म्हणूनच जागा दोन आहेत!"

तिला वाटलं, आता हसतील, किमान एकमेकांकडे बघतील तरी.

"म्हणजे माझंच बरोबर होतं," बाबा म्हणाले.

"म्हणजे माझंच," आई म्हणाली. त्याच क्षणी.

हे भगवान. मांडीवरचा फोन थरथरला, ढब्बू असणार, विचारलंस का, विचारलंस का. उत्तर सापडल्याचा आनंद अंगात नाचत होता आणि त्याच्या खाली कुठेतरी काहीतरी टोचत होतं. आज जेवताना आणखी एक गोष्ट सांगून टाकायची होती, जिन्यात मैत्रिणींसमोर ऐटीत जाहीर केलेली — मी पलीकडच्या कॉलेजला जाणार, ठरलं. का, तर त्यांच्या वाचनालयाला छतापर्यंत काचा आहेत. हे तिला कसं माहीत? मोबाइलवर बघितलं होतं. समोरून. एकाच बाजूने... म्हणजे मीही धक्क्यावरच उभी की. आणि आवाज बघा माझा, अगदी यांच्यासारखाच खणखणीत.

वाक्य जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं. लाज वाटली नाही, उलट हलकंच वाटलं, जरा भीतीही वाटली — आणि बरणी उचलून तिने आपल्यापुढे ठेवली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. दोघांनीही मान वर केली. "उद्या मी दोन्ही कॉलेजं आतून बघून येणार आहे. एकटी. कुठलं ते मला माहीत नाही, अजून खरंच माहीत नाही. आणि सोमवारपर्यंत माझ्यावरून तुम्ही एकमेकांशी भांडायचं नाही. भांडायचंच असेल तर माझ्याशी भांडा."