पांढऱ्या खोळी

विमान घेऊन गेलेला ओरेस्ट परतला नाही हे सांगायला अँसेल्म दुकानात आला, तेव्हा मी कोणाच्यातरी जाड कोटाची चेन बदलत होते. दारातच टोपी काढून तो म्हणाला, "वहिनी, ओरेस्ट कालपासून बेपत्ता आहे."

मी आधी त्याला 'वहिनी'बद्दल झापलं. ओरेस्टचा नि माझा घटस्फोट होऊन कितीतरी हिवाळे उलटलेत. सगळ्या फोर्ट लँबर्ट गावाला ते ठाऊक आहे, पण अँसेल्मच्या जिभेपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. झापून झाल्यावर मी मशीन बंद केलं आणि कधी निघायचं ते विचारलं. चेहरा त्याला दिसू नये म्हणून बुटाच्या नाड्या जरा जास्तच वेळ बांधत बसले.

आमच्या गावात विमान हरवलं की शोधायला गावच निघतं. अँसेल्म एरवी नळ दुरुस्त करतो, पण त्याचं स्वतःचं विमान आहे आणि ते चालवायला त्याच्याइतका शांत माणूस दुसरा नाही. त्याच्या शेजारी नकाशा घेऊन बसते ती रोझलिन, शाळेत भूगोल शिकवणारी. मागच्या दोन खिडक्यांत आम्ही टेहळे. डावीकडे पोस्टमास्तर आणि उजवीकडे मी. पगार कोणालाच नाही. इंधन सरकारचं, आणि डब्यातली बॅनक रोटी नि सुकं मांस ज्याच्या घरी असेल त्याचं. मी गावची शिंपीण आहे, काळ्या कापडावर काळा दोरा मला दिव्याशिवाय दिसतो, आणि ह्या कामात माझ्याइतके चांगले डोळे दुसऱ्या कोणाचे नाहीत. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पोस्टमास्तरही मान्य करतो.

शोधाची सूत्रं हातात घ्यायला कॅप्टन डेव्हरो दक्षिणेकडच्या हवाई तळावरून आला. वयाने माझ्या भाच्याएवढा, पण माणूस नीट होता. सगळ्यांची नावं पहिल्या फेरीतच पाठ केली आणि कॉफी स्वतः ओतून घेतली. मग एकेकाला बाजूला घेऊन नियमाप्रमाणे विचारू लागला. हरवलेल्याच्या घरच्या माणसाला शोधाच्या विमानात बसवत नाहीत. घरच्याला प्रत्येक दगडात आपलाच माणूस दिसतो, किंवा दिसू नये ते दिसेल म्हणून तो डोळेच मिटतो. नियम योग्य आहे, मी स्वतः तो इतरांना बजावलेला आहे.

"तुम्ही ओरेस्ट यांच्या कोण?" कॅप्टनने विचारलं.

"कोणीच नाही."

अँसेल्मला खोकला आला.

"तुमच्या दुकानाच्या पाटीवर त्यांचंच आडनाव आहे."

"पाटी रंगवणारा वारला," मी म्हणाले. "दुसरा मिळाला की बदलीन."

त्याने पाटीचा विषय तिथेच सोडला आणि टेहळ्याचं जाकीट माझ्या हातात दिलं.

ओरेस्ट उत्तरेच्या मासेमारी छावणीवर पीठ आणि टपाल पोचवून परत निघाला होता. छावणी ते गाव ह्या वाटेवर माणूस नाही, रस्ता नाही, नुसती गोठलेली तळी आणि त्यांच्यामधून स्प्रूसचं रान. आम्ही दोन दिवस त्या भागाचे पट्टे पाडून एकेक पट्टा फिरलो. ढग खाली आलेले आणि हवेत बर्फाचं धुकं, त्यामुळे तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. अशा उजेडात डोळे नुसते दुखतात. मी खिडकी सोडली नाही, पाणीसुद्धा बेताने प्यायले. तरी काहीच दिसलं नाही. संध्याकाळी घरी येऊन कपडे न बदलता पलंगावर बसून रडले, आणि मग चिडले, कारण रडल्याने डोळे सुजतात आणि सकाळी तेच डोळे लागणार होते.

ओरेस्ट वाईट नवरा नव्हता. ऐकत नसे, एवढंच. कान शाबूत, पण माझं बोलणं त्यांतून आरपार जायचं. छप्पर गळतंय म्हटलं की हो म्हणायचा आणि निघून जायचा. विमान पडलं तर रेडिओवर इशारा पाठवणारं यंत्र असतं, त्या बीकनची बॅटरी बदल म्हणून मी कंठशोष केला, तेव्हाही हो म्हणाला. त्या सगळ्या वर्षांत त्याने मनापासून काळजी घेतली ती फक्त विमानाची. तळ्यावर उतरला की आधी पंखांवर खोळी, मग इंजिनावर गोधडी, सगळे पट्टे ओढून घट्ट, आणि मग घर. जेवण निवून जायचं. मी खिडकीतून बघत बसायची आणि म्हणायची, घाल बाबा, तिला पांघरूण घाल. सवत म्हणून तिच्यात एकच गुण होता, ती उलटून बोलत नव्हती.

त्या खोळी मीच शिवलेल्या. नारिंगी कापड घेऊ या म्हटलं होतं, तर म्हणाला सर्कशीचा तंबू दिसेल. म्हणून पांढऱ्या शिवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमलो. पूर्वेच्या डोंगरातल्या एका शिकाऱ्याने ओरेस्ट हरवला त्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकला होता. कॅप्टनने नकाशावर हात ठेवून सांगितलं की उद्यापासून सगळी विमानं डोंगराकडे जातील. तळी दोनदा धुंडाळली, काही नाही. बीकन गप्प आहे, म्हणजे विमानाचा डोंगरावर आपटून बीकनसकट चुराडा झालेला असावा. त्याचं बोलणं मुद्देसूद होतं. पण डोंगर मोठे आहेत. एकदा तिकडे गेलो असतो तर आठवडाभर तळ्यांकडे कोणी फिरकलं नसतं, आणि ह्या थंडीत आठवडा म्हणजे शेवटच.

मी उठून उभी राहिले.

"आपण मोडकं विमान शोधतोय," मी म्हणाले. "त्याचं विमान मोडलेलं नाही. आपटला असता तर बीकन धक्क्याने बोंबलायला लागलं असतं. ते गप्प आहे, कारण ओरेस्ट कुठल्यातरी तळ्यावर लोण्यासारखा उतरलाय."

"मग हाताने सुरू का नाही केलं?" कॅप्टनने विचारलं.

"बॅटरी मेलीय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बदलायला सांगितली होती."

हॉलमध्ये हशा झाला, हसण्याजोगं काही नसताना. कॅप्टनही हसला, पण नजर माझ्यावरून हलली नाही.

"आपण दोनदा वरून गेलो. अख्खं विमान दिसलं कसं नाही?"

"कारण त्याने ते झाकून ठेवलंय. उतरल्या उतरल्या, जीव वाचल्याचा आनंद करायच्या आधी, त्याने पंखांवर खोळी चढवल्या असणार. पांढरं विमान, त्यावर पांढऱ्या खोळी, खाली पांढरं तळं आणि वर ढग. तो तिथेच बसलाय आणि आपण त्याच्या डोक्यावरून गेलोय."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. माझी खात्री होती आणि खात्री असली की माझा आवाज चढतोच. कॅप्टन खिडकीपाशी गेला. बाहेर पश्चिमेला ढगांची कड फाटली होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला की उद्या ऊन पडेल, आणि पांढऱ्या वस्तूचीही सावली काळीच पडते.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं खिडकीत बसून आलं नव्हतं, ह्याचा मला रागही आला.

"बाकीची विमानं डोंगरात जातील," तो म्हणाला. "तुम्हाला एक विमान आणि एक दुपार देतो. सूर्य उतरला की निघा, सावल्या लांब होतील. रात्रीपासून पुन्हा बर्फ आहे, त्यामुळे दुसरी दुपार मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की काळ्या चष्म्याशिवाय डोळा उघडवेना. मी अँसेल्मला आधी मोठ्या तळ्यावर नेलं. ओरेस्ट तिथेच असणार, पैज लावते, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. काठाकाठाने गेलो, मग मधून. एक लांडगा दिसला, एक ओंडका दिसला, ओरेस्ट नव्हता. रोझलिनने इंधनाचा काटा बघितला. मी म्हणाले की मोठं नसेल तर छोटं असेल. तो हरवला त्या दिवशी वारा उत्तरेचा होता, मग उत्तरेला झाडी असलेली, आडोशाची छोटी तळी बघू या. अँसेल्मने मुकाट्याने विमान वळवलं.

रानात सरळ रेघ नसते. टेहळ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. झाडाची सावली दातेरी पडते, खडकाची ओबडधोबड. तिसऱ्या की चौथ्या तळ्यावर, झाडांच्या सावल्यांच्या जरा पुढे, बर्फावर मला एक निळीकाळी रेघ दिसली. सरळ, जणू पट्टी ठेवून खडूने आखलेली. तिच्या वर काहीच नव्हतं, पांढऱ्यावर पांढरं. नुसती सावली, आणि सावली टाकणारं कोणी नाही.

"दिसलं," मी म्हणाले. "उजवीकडे, जरा मागे. काठाजवळ."

दिसल्यावर नजर काढायची नाही. विमान पूर्ण वळून येईपर्यंत ज्याने पाहिलं त्याने पापणी हलवली तरी ती जागा हरवते, आणि मग शंभर तळ्यांत पुन्हा शोधत बसा. विमान कलंडलं. माझे डोळे भरून आले आणि ते पुसायला चष्मा काढायचीही सोय नव्हती. पाणी गालांवरून खाली जाऊ दिलं आणि त्या रेघेकडे बघत राहिले.

"वहिनी, सोडू नकोस," अँसेल्म कानातल्या यंत्रातून म्हणत होता. "वहिनी, आलोच बघ, धरून ठेव."

"धरलंय. तू विमानाकडे बघ."

वळून खाली आलो तेव्हा पंख दिसला, मग दुसरा पंख, मग शेपूट. सगळं नीट पांघरून, पट्टे बांधून ठेवलेलं. पोटाखाली ताडपत्रीचा आडोसा होता. त्यातून एक माणूस कोपरांवर सरपटत बाहेर आला आणि डब्याचं झाकण उन्हात धरून आमच्या डोळ्यांवर तिरीप मारू लागला. पोस्टमास्तरने माझ्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की कपाळ काचेवर आपटलं. रोझलिनने रेडिओवरून कॅप्टनला जागा कळवली. तो म्हणाला, "ऐकू आलं. सगळंच ऐकू आलं. 'वहिनी'सुद्धा." आमचा रेडिओ मघापासून उघडा राहिला होता.

आमच्या विमानाला स्की नव्हत्या, आणि नुसत्या चाकांनी त्या बर्फावर उतरणं शक्य नव्हतं. हेलिकॉप्टर येईपर्यंत आम्ही त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिलो, आणि ऊन संपायच्या आत त्याला उचललं.

दवाखान्याच्या दारात नर्सने मला अडवलं. फक्त घरच्यांनाच आत सोडतो, म्हणाली, तुम्ही पेशंटच्या कोण? कॅप्टन भिंतीला टेकून उभा होता आणि माझं उत्तर ऐकायला त्याने मुद्दाम मान वळवली.

"मी त्याची शिंपीण," मी म्हणाले.

"सोडा त्यांना," कॅप्टन म्हणाला. "अगदी जवळचं नातं आहे."

ओरेस्टचं नाक थंडीने काळं पडलं होतं आणि डावा पाय प्लास्टरमध्ये होता. गाल आत गेलेले. मला बघून तो हसला आणि फुटलेला ओठ दुखला म्हणून हसायचं थांबला. तेल गळून इंजिन बंद पडलं, तरी मी अलगद उतरलो, एक ओरखडा नाही, असं त्याने आधी सांगून घेतलं. मग पाय कसा मोडला, मी विचारलं. खोळीचा शेवटचा पट्टा बांधून पंखावरून उतरताना घसरलो, म्हणाला. त्यामुळे विमानं डोक्यावरून जाताना कळलं तरी पुन्हा चढून खोळी काढता येईनात. काठीने ओढून पाहिल्या, तर गोठून चिकटलेल्या.

ते ऐकून माझा तोल गेला. माणूस एकटा रानात उतरतो, अंधार पडायला आलेला, तेव्हा आधी लाकडं गोळा करतात, आग पेटवतात. हा त्या टिनाच्या बयेला पांघरूण घालत बसला. तिच्यापायी पाय मोडला, तिच्यापायी मरणार होता. एवढं प्रेम कधी माणसावर केलं असतंस तर, असं बरंच काही मी बोलले. नर्सने दार ओढून घेतलं.

ओरेस्ट माझ्याकडे बघतच राहिला. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं.

"प्रेम कसलं?" तो म्हणाला. "तूच सांगितलं होतंस ना."

"मी?"

"लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. पंखांवर बर्फाचा पापुद्रा जमलेला, मी तसाच उडालो आणि झाडांत जाता जाता राहिलो. त्या दिवशी तू खोळी शिवायला घेतल्यास आणि म्हणालीस, उतरलास की आधी पंख झाकायचे आणि मग घरी यायचं, नाहीतर येऊच नकोस." त्याने खांदे उडवले. "म्हणून झाकतो."

मला आठवेना. मग आठवलं. माझं पोट पुढे आलेलं होतं तेव्हा, ते मूल पुढे राहिलं नाही, आणि त्या हिवाळ्यातलं सगळंच मी कुठेतरी टाकून दिलं होतं. निवलेल्या जेवणांवरून वर्षानुवर्षं ज्या गोष्टीसाठी मी त्याच्याशी भांडले, ती माझीच होती. घटस्फोटानंतरही तो रोज संध्याकाळी तळ्यावर माझं ऐकत होता, आणि मी समोरच्या खिडकीत बसून दातओठ खात होते.

मी खुर्ची ओढून बसले.

"जन्मात माझी एक गोष्ट ऐकलीस," मी म्हणाले, "तीही मरायला."

"जिवंत आहे की."

"नवीन खोळी शिवणार आहे. नारिंगी."

"सर्कशीचा तं..." त्याने सुरुवात केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबला.

"शिव," तो म्हणाला. "आणि बॅटरी कुठली आणू ते कागदावर लिहून दे."