समासालगतच्या तिघी

माझा थोरला भाऊ कोबिना वारला आणि अंत्यविधीच्या पत्रकावरील नावे मी लिहावयास घेतली. थोरली बहीण म्हणून तो मान माझाच. घानातल्या केप कोस्टमध्ये तीस वर्षे संगणकावर काम करून मी निवृत्त झाले. माउसला हात न लावता केवळ कळांनी चालणारा एडिटरच मी वापरते. घराण्याची वंशावळ त्यातच आहे: बहिणी समासालगत, प्रत्येकीच्या लेकी तिच्या खाली एक पायरी आत.

आम्ही तिघी बहिणी. मी, आराबा आणि एवुराबेना; आमच्यात एका घराण्यातल्या मावसबहिणीही बहिणीच. एवुराबेनाच्या आजीला परमुलखातून दासी म्हणून आणून घराण्यात घेतले होते. हे सर्वांस ठाऊक आहे आणि कोणीही उच्चारत नाही. कोणाचे मूळ काढणे हा आमच्यात अपराध आहे.

वंशावळीची नक्कल एडिटरच्या एका कप्प्यात साठवून मी ती पत्रकात उतरवली आणि छापखान्यात धाडली. नमुन्याचा कागद प्रथम एवुराबेनाच्या हाती पडला. तिचे नाव दोन पायऱ्या आत, माझ्या नातीच्या जागी होते. दुपारी निरोप आला: ती शोकाचे तांबडे वस्त्र नेसणार नाही, भावाच्या उशाशी बसणार नाही.

माझी लेक मान्सा हिने फाइल पाहिली.

"आई, टाइप करता करताच कप्पा ओतलास. एडिटर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीइतकी आत घेत गेला, वर यादीतली पायरी आहेच."

हे मीच तुला शिकवले होते, असे मी तिला सुनावले.

"म्हणून तर मला माहितीये."

मी एस्केप दाबून टंकन थांबवले, कप्प्याचे अक्षर दिले, चिकटवण्यासाठी पी दाबली. यादी होती तशी उतरली. तो कागद घेऊन मी स्वतः एवुराबेनाकडे गेले.

"यंत्रानं केलं म्हणणार ना, ताई?"

"नाही. मी घाईनं चिकटवलं आणि न वाचता धाडलं. चूक माझी."

धाकट्या बहिणीसमोर हे शब्द मी कधी उच्चारले नव्हते. तिने समासावरून बोट फिरवीत कागद शेवटपर्यंत वाचला.

"एवढं वाटतंय, तर माझं नाव आराबाच्या वर घाला."

"ते होणार नाही. बहिणींचा क्रम वयानं लागतो, आणि ती तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे."

तिने कागदाची घडी करून जवळ ठेवली. मग लेकीला हाक मारून तिने पेटीतले तांबडे वस्त्र काढावयास सांगितले.