शिडीच्या पट्ट्या

ती गेली त्या दिवशी सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी त्याला खोलीबाहेर बोलावून सांगितलं. पावणेअकराला सिनेमावाले हजर. तिचा सख्खा भाऊ पोचला दीड वाजता. ज्यांचं कोणी गेलं नव्हतं ते आधी आले, यावरून पुढचं काय ते समजावं.

सिनेमा तिच्यावरच चालला होता. तरुणपणी ती बॉक्सिंग खेळायची, नावाजलेली होती. हातपाय थकल्यावर वीस वर्षं तिनं एका गोदामामागच्या हॉलमध्ये पोरींना शिकवलं. तो तिचा नवरा. चामड्याचं शिवणकाम करायचा. बॅगा, कमरेचे पट्टे आणि त्या हॉलमधले फाटके ग्लोव्हज. त्यांची ओळखच फाटक्या ग्लोव्हवरून झालेली. महिन्याभरात दुसऱ्यांदा तोच ग्लोव्ह घेऊन ती दुकानात आली तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, जरा हळू मारत जा." ती म्हणाली, "तुम्ही जरा घट्ट शिवत जा." त्यावरच लग्न ठरलं म्हणायचं.

दिग्दर्शकाला तो मनातल्या मनात गॉगल म्हणायचा, कारण तो घरात, दवाखान्यात, अंधाऱ्या जिन्यातसुद्धा काळा चष्मा काढत नसे. गॉगलचा एक माणूस महिनाभर दवाखान्याच्या व्हरांड्यात चहा पीत बसलेला असे. काळजीनं बसलाय, असं हा भोळा नवरा समजत होता. तो बातमीसाठी बसला होता.

"काका," गॉगलनं त्याचे दोन्ही हात धरले, "फार मोठं नुकसान झालं. तुमचं आणि आमचंही. शेवटी त्या स्वतः पडद्यावर दिसणार होत्या. दोनच मिनिटांचं चित्रण राहिलं होतं."

म्हणजे ही बाई दोन मिनिटं उधार ठेवून गेली, अशी त्याची तक्रार.

मग गॉगलची नजर पलंगाकडे गेली. शेवटच्या महिन्यात तिचे हात बर्फासारखे गार पडायचे, म्हणून तो रोज सकाळी तिच्या हातांना पट्ट्या बांधायचा. ग्लोव्हच्या आत बांधतात त्या, लांबलचक, सुती, जुनाट. आधी डाव्या हाताला, मग उजव्या, कारण ती डावखुरी होती आणि डावा हात आधी बांधला नाही तर चिडायची. त्या सकाळीही त्यानं बांधल्या होत्या.

"या त्यांच्या?" गॉगलनं विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही ते चष्म्यामुळे कळायला मार्ग नव्हता. आवाजात मात्र चमक आली होती.

"हो. तिच्याजवळच्याच."

"दोन दिवस द्या ना, काका. कॅमेऱ्यात टिपतो आणि परत. माझ्या आईची शपथ."

चामडं टोचायच्या आपल्या आरीला आयुष्यात कोणाला हात लावू न देणारा माणूस. पण त्या वेळी त्याला कोणी कातडं सोलून मागितलं असतं तरी त्यानं दिलं असतं. त्यानं पट्ट्या सोडल्या, गुंडाळ्या केल्या आणि दिल्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात, हे त्यानं ऐकलं होतं. आपल्या हातानं त्यांना वाटी भरून देणारा गाढव मात्र तोच पहिला.

कारण त्या पट्ट्या तिच्या नव्हत्याच. ज्या बाईनं तिला हरवलं तिच्या होत्या.

तिच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी लढत ती हरली होती. थोडक्यात नाही, चांगली सपाटून. समोरची बाई एवढी उंच की हिनं तिचं नाव शिडी ठेवलं. पहिल्या फेरीपासून शिडी वरून मारत होती आणि ही खालून वाट शोधत होती. वाट सापडली नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा हिचा एक डोळा मिटलेला आणि चेहऱ्यावर हसू. कोपऱ्यात बादली घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, काय मारते हो ती! बघितलंत ना?"

"बघितलं. तुलाच मारत होती."

"म्हणून तर सांगते. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळणार आहे का?"

कपडे बदलायच्या खोलीत शिडी एकटीच बसली होती. तिची माणसं बाहेर फोटो काढून घेण्यात गुंतलेली, आणि एवढा मोठा विजय मिळवलेल्या बाईचे सुजलेले हात सोडवायला कोणी नाही. हिनं समोर स्टूल ओढलं आणि तिच्या पट्ट्या सोडल्या. तेवढ्यात हिच्या नाकातून रक्ताचा थेंब त्यावर पडला. दोघी हसायला लागल्या. मग शिडीनं हिच्या सोडल्या आणि दोघींनी अदलाबदल केली. तोडक्यामोडक्या भाषेत, खाणाखुणा करत करार ठरला: जी आधी जाईल तिच्या घरच्यांनी पट्ट्या दुसरीला परत पाठवायच्या. पुढे सव्वीस वर्षं दोघींची पत्रं चालू होती. वर्षाला दोन, जास्त नाही.

आणि मरायच्या आठवडाभर आधी ती म्हणाली, "शिडीच्या पट्ट्या शिडीला. आणि धुऊ नका हं. तिचा घाम आहे त्यात, माझं रक्त आहे. तुम्हाला स्वच्छतेचं वेड, म्हणून सांगते."

"एवढा वास मारतात त्या. पोस्टवाले घेतील का?"

"डब्यात घाला. पण धुऊ नका."

एवढंच तिनं मागितलं होतं. बाकी कसलीही इच्छा तिनं मागे ठेवली नव्हती.

दोन दिवसांचे आठ महिने झाले. फोन केला की गॉगल मीटिंगमध्ये. परत केला की प्रवासात. शेवटी तो स्वतः जाऊन उभा राहिला. शहराबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये खोटी रिंग बांधली होती. दोरांना रंग असा दिला होता की रिंग वीस वर्षांची मळकट वाटावी. खरी मळकट रिंग गोदामामागे फुकट मिळत होती, पण फुकट मिळालेलं यांच्या पोटात पचत नसावं.

रिंगमध्ये तिचं काम करणारी नटी उजव्या हाताची होऊन उभी होती.

"ती डावखुरी होती," तो म्हणाला.

"ठाऊक आहे काका," गॉगल म्हणाला, "पण मॅडमचा चेहरा या बाजूनं चांगला दिसतो."

"मग चेहऱ्यावर सिनेमा काढायचा होता."

गॉगल हसला. असल्या लोकांना अपमान कळत नाही, विनोद वाटतो. समोर शिडी म्हणून जी उभी केली होती तिच्या गालावर भलामोठा व्रण रंगवला होता आणि ती दात-ओठ खात होती. शिडी खरी कशी होती? शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंसारखी. पण तसल्या बाईचा मार खाल्ला तर प्रेक्षकांना राग कसा येणार?

मग त्याला कथा कळली. सिनेमात पंच विकले गेलेले होते. ही जिंकलेली असूनही हरवली जाते आणि वर्षभरानं परत लढून शिडीला आडवी करते. मग पट्ट्या सोडून गर्दीत भिरकावते.

"ग्लोव्ह न काढताच?" त्यानं विचारलं.

"काय?"

"पट्ट्या ग्लोव्हच्या आत असतात. ग्लोव्ह काढल्याशिवाय भिरकावणार कशा?"

पंचवीस-तीस माणसं, वर्षभराचं काम, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नटी मात्र खुदकन हसली. ती बरी होती बिचारी. खाली उतरून म्हणाली, "काका, खरं काय झालं होतं?"

"हरली. समोरची जास्त चांगली होती."

"मग?"

"मग घरी येऊन जेवली आणि बारा तास झोपली."

"हे करायला मला आवडलं असतं," नटी म्हणाली आणि कोणीतरी हाक मारली म्हणून गेली.

पंच विकले गेल्याची कथा कोणाची, हे त्याला विचारायची गरज नव्हती. ती मेहुण्याची. सव्वीस वर्षं हा मेहुणा लग्नात, बारशात, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगत आला होता की माझ्या बहिणीवर अन्याय झाला. ती तोंडावर सांगायची, "अरे, मी मार खाल्ला, तू नाही. तुला का दुखतंय?" पण उचलली जीभ लावली टाळ्याला. आता तर सिनेमात गर्दीत उभं राहून टाळ्या वाजवायचं कामही त्याला मिळालं होतं. न झालेल्या विजयाला सख्ख्या भावानं वाजवलेल्या टाळ्या.

"पट्ट्या कुठे आहेत?" त्यानं गॉगलला विचारलं.

"कपाटात, कुलपात. तुमच्या घरी राहिल्या नसत्या इतक्या नीट. पहिल्या खेळाला सन्मानानं तुमच्या हातात देतो."

पहिल्या खेळाला तो गेला तो त्यासाठीच. सिनेमागृहाच्या दारातून आत शिरल्यावर समोरच काचेची पेटी, वर दिवा, खाली पाटी: "याच पट्ट्या बांधून तिने जग जिंकले." आत दोन लालभडक गुंडाळ्या.

त्याला आधी वाटलं, नकली ठेवल्यात. तेवढ्यानंही त्याला बरं वाटलं असतं. पण जवळ जाऊन पाहिलं तर एकीच्या अंगठा अडकवायच्या फासाला सात टाके होते. फास उसवला तेव्हा त्यानंच मेण लावलेल्या दोऱ्यानं घातलेले. मेणावर रंग धरत नाही. लाल पट्टीवर ते सात टाके जसेच्या तसे पिवळट पांढरे राहिले होते.

"रंगवल्यात," तो म्हणाला.

"पांढरा रंग दिव्यांच्या उजेडात दिसतच नाही, काका," गॉगल कुठूनसा येऊन खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "लाल कसा उठून दिसतो बघा. आता एवढीच विनंती. त्या खऱ्या आहेत, जिंकलेल्या लढतीतल्या आहेत, असा छोटा कागद केलाय. पाटीशेजारी लावू. तुमची सही हवी. फोटोवाले थांबलेत."

मेहुणा पेन घेऊन तयारच होता. "करून टाका, भाऊजी. ताईचा मान आहे."

"या तुझ्या ताईच्या नाहीत."

"असं काय बोलता?"

"जिनं हिला हरवलं तिच्या आहेत. तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं माहीत आहे."

मेहुण्यानं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोला. आणि लोकांना काय फरक पडतो? आता तिला तरी काय फरक पडणार आहे?"

"तिला फरक पडत नाही म्हणूनच तुम्ही सगळे एवढे शूर झालात."

त्यानं खिशातून चामड्याची पिशवी काढली. आरी, पक्कड, छोटा पेचकस. चाळीस वर्षं तो त्यांच्याशिवाय घराबाहेर पडला नव्हता. पेटीला मागच्या बाजूनं चारच स्क्रू होते.

"काका, काय करताय? काका!"

"भाऊजी, लोक बघतायत!"

"बघू देत. तिकीट काढून आलेत, काहीतरी खरं बघून जाऊ देत."

कोणी त्याला अडवलं नाही. फोटोवाले फोटो काढत राहिले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. चौथा स्क्रू त्यानं गॉगलच्या हातावर ठेवला, दोन्ही गुंडाळ्या खिशात घातल्या आणि निघाला. मागे आत टाळ्या सुरू झाल्या होत्या. कागदावर सहीची जागा कोरी राहिली. सिनेमा त्यानं पाहिला नाही, पुढेही नाही. चांगला चालला म्हणतात. चालणारच.

घरी आल्यावर त्यानं बादलीत पाणी घेतलं आणि पट्ट्या बुडवल्या. पाणी लाल झालं. ओतलं, दुसरं घेतलं, तेही लाल. तिसरं पाणी घेताना त्याला तिचं बोलणं आठवलं, धुऊ नका हं, आणि नळ चालू ठेवून तो तसाच उभा राहिला. घाम गेला, तो रंगवणाऱ्यांनीच घालवला असेल. रक्ताचा डाग त्यानं उजेडात धरून शोधला. सगळंच लाल, त्यात एक थेंब कुठून दिसणार?

पट्ट्या आता दुकानातल्या तारेवर वाळून पडल्यात. धड लालही नाहीत, पांढऱ्याही नाहीत. शिडीचं पत्र गेल्या महिन्यात आलं. या वेळी तुझं उत्तर नाही, तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारलं आहे. म्हणजे तिला अजून कळलेलं नाही. त्यानं डबा आणून ठेवला आहे, त्यावर पत्ता लिहून ठेवला आहे. पत्र लिहिलेलं नाही आणि पट्ट्या पाठवायच्या राहिल्या आहेत.